कामगाराच्या हाडातले रेडियम आणि कायद्याची मुदत

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, बसस्टँडच्या आसपास ‘रेडियम’वाल्याचे एखादे दुकान हमखास दिसते. मोटारसायकलच्या नंबर प्लेटवर नाव कापून लावणारा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे लाल-पिवळ्या पट्ट्या चिकटवणारा. त्या चकाकत्या कागदात रेडियमचा कणसुद्धा नसतो. समोरून आलेला उजेड तो परत फेकतो, एवढेच. पण नाव मात्र टिकून राहिले, कारण शंभर वर्षांपूर्वी अंधारात आपोआप चमकणारी वस्तू म्हणजे रेडियम, हे जगभर रूढ झाले होते. आजोबांच्या पिढीतले लोक ‘रेडियमचे घड्याळ’ कौतुकाने दाखवत. रात्री काटे आणि आकडे हिरवट दिसायचे.

ते आकडे रंगवणाऱ्या मुलींचे पुढे काय झाले, हा कामगार चळवळीच्या इतिहासातला महत्त्वाचा धडा आहे. कामाच्या जागी झालेल्या किरणोत्सारामुळे आजार झाला, त्याची भरपाई द्या, असा दावा घेऊन कोर्टात उभ्या राहिलेल्या पहिल्या कामगारांत त्यांची गणना होते. त्यांच्यापुढे जी अडचण आली, तीच आज आपल्या कायद्यात बसलेली आहे. निलंगा, औसा, देगलूर, मुखेडहून पोट भरायला मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या माणसाचाही तिच्याशी संबंध आहे.

ब्रश ओठात, रंग पोटात

मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली रेडियम शोधले. पुढच्या वीस वर्षांत त्याचा बाजार झाला. रेडियमचे पाणी, रेडियमचे मलम, ताकदीचे औषध म्हणून रेडियम, असे सगळे विकले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात सैनिकांना रात्री दिसणारी घड्याळे हवी होती. रेडियम आणि झिंक सल्फाइड यांच्या मिश्रणातून चमकणारा रंग तयार होई. तो रंग घड्याळाच्या तबकडीवर लावण्याचे कारखाने अमेरिकेत निघाले. न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावचा युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनचा कारखाना त्यांतला सर्वांत गाजलेला.

तिथे काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या, काही तर चौदा-पंधरा वर्षांच्या. बऱ्याच जणी बाहेरून आलेल्या गरीब कुटुंबांतल्या. मजुरी नगावर होती. जितक्या तबकड्या, तितके पैसे. आकडा बारीक यायचा तर ब्रशचे टोक अणकुचीदार हवे. त्यासाठी ब्रश ओठात धरून टोक काढायचे, रंगात बुडवायचे, रंगवायचे आणि पुन्हा ओठात, असे त्यांना शिकवले होते. दिवसभरात हे शेकडो वेळा चाले. रंग अपायकारक आहे का, असे कोणी विचारले तर ‘काही होत नाही’ असे उत्तर मिळे. त्याच कारखान्यात रेडियम हाताळणारे रसायनतज्ज्ञ मात्र चिमटे आणि शिशाचे पडदे वापरत होते.

रेडियम शरीरात गेले की शरीराला ते कॅल्शियमसारखे वाटते, म्हणून ते हाडांत जाऊन बसते. तिथून ते आतल्या आत किरणे सोडत राहते. निम्मे रेडियम संपायला सुमारे १६०० वर्षे लागतात. म्हणजे नोकरी सुटली, गाव सुटले, लग्न होऊन माणूस दुसरीकडे गेला, तरी हाडातले काम चालूच.

१९२२ साली मॉली मॅजिया ही मुलगी वारली. आधी तिचे दात गेले, मग जबड्याचे हाड कुजत गेले. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले गेले उपदंश. म्हणजे आजारही तिचा आणि बदनामीही तिचीच. पाच वर्षांनी, १९२७ मध्ये तिचे शव उकरून तपासले, तेव्हा हाडांत किरणोत्सार सापडला आणि दाखल्यावरचे कारण खोटे ठरले.

कंपनीला याची चाहूल आधीच लागली होती. १९२४ मध्ये तिने हार्वर्ड विद्यापीठाचे सिसिल ड्रिंकर यांच्याकडून कारखान्याची तपासणी करून घेतली. आजाराचे मूळ कामात आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. कंपनीने तो अहवाल दाबून ठेवला आणि सरकारच्या कामगार खात्याकडे त्याच्या उलट अर्थाचा मजकूर पाठवला. १९२५ मध्ये एसेक्स काउंटीचे वैद्यकीय अधिकारी हॅरिसन मार्टलंड यांनी जिवंत मुलींच्या श्वासातला आणि मृत कामगारांच्या हाडांतला किरणोत्सार मोजून दाखवला. त्यानंतर नाकारायला फारशी जागा उरली नाही.

‘मुदत संपली’

ग्रेस फ्रायर या कामगार महिलेला वकील मिळायला दोन वर्षे लागली. शेवटी रेमंड बेरी या तरुण वकिलाने प्रकरण हाती घेतले आणि १९२७ मध्ये दावा दाखल झाला. ग्रेससोबत आणखी चौघी होत्या: कॅथरीन शॉब, एडना हसमन, क्विंटा मॅकडोनल्ड आणि अल्बिना लॅरिस. शेवटच्या दोघी मॉली मॅजियाच्या सख्ख्या बहिणी.

कंपनीचा मुख्य बचाव ‘आम्ही निर्दोष आहोत’ एवढाच नव्हता. तिचा खरा आधार होता मुदतीचा कायदा. इजा झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा करायला हवा होता. या बायका काही वर्षांपूर्वीच काम सोडून गेल्या, आता त्या कशाच्या जोरावर आल्या, असा सवाल कंपनीने केला. कायद्याने पाहिले तर सवाल बिनतोड होता. कारण कायदा बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता यंत्रात हात सापडलेला, शिडीवरून पडलेला कामगार. त्याची इजा त्याच दिवशी दिसते. रेडियमची इजा दिसायला पाच वर्षे लागतात, कधी पंधरा.

बेरी यांनी दोन मुद्दे मांडले. पहिला, रेडियम अजून हाडांत आहे, म्हणून इजा रोज नव्याने होते आहे, ती जुनी झालेलीच नाही. दुसरा, आजार कशाने झाला हे कळल्याच्या दिवसापासून मुदत मोजली पाहिजे. कंपनीनेच सत्य लपवले असताना उशिराचा दोष कामगाराला कसा लावता येईल?

जानेवारी १९२८ मध्ये सुनावणी सुरू झाली, तेव्हा या महिलांना शपथेसाठी हात वर करणेही जड जात होते. एप्रिलमध्ये कंपनीचे साक्षीदार उन्हाळ्यात युरोपला जाणार म्हणून कोर्टाने तारीख थेट सप्टेंबरवर ढकलली. ‘तारीख पे तारीख’ हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. या पाच जणींच्या हयातीचीच खात्री नव्हती. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात वॉल्टर लिपमन यांनी त्यावर टीकेची झोड उठवली, लोकमत तापले आणि जून १९२८ मध्ये तडजोड झाली. प्रत्येकीने अडीच लाख डॉलर मागितले होते. मिळाले दहा हजार रोख, वर्षाला सहाशे डॉलर आणि दवाखान्याचा खर्च. कंपनीने दोष कबूल केला नाही. तडजोड झाल्यामुळे मुदतीच्या प्रश्नावर निकालही लागला नाही.

घरातल्या कोचावरची सुनावणी

तो प्रश्न पुढे नेला इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावच्या महिलांनी. तिथे रेडियम डायल कंपनीचा कारखाना होता. न्यू जर्सीची बातमी आल्यावर इथल्या मुली घाबरल्या. कंपनीने त्यांच्या तपासण्या करून घेतल्या होत्या, पण निकाल त्यांना दाखवला नाही. उलट आमचे कामगार ठणठणीत आहेत, अशी जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात दिली.

कॅथरीन वुल्फ डोनोह्यू या तिथल्या जुन्या कामगार. लंगडायला लागल्यावर त्यांना कामावरून कमी करण्यात आले, कारण त्यांच्याकडे पाहून बाकीच्या बोलायला लागल्या होत्या. १९३५ मध्ये तिथल्या सहकारी महिलेचा दावा फसला, कारण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिक आजारांचा कायदाच संदिग्ध म्हणून रद्द ठरवला. मग नवा कायदा आला. शिकागोचे वकील लेनर्ड ग्रॉसमन यांनी फी न घेता प्रकरण चालवले.

फेब्रुवारी १९३८ मध्ये इलिनॉय औद्योगिक आयोगापुढे सुनावणी होती. आजार आता बरा होण्यासारखा नाही, असे डॉक्टर साक्षीत सांगत असतानाच कॅथरीन कोसळल्या. दुसऱ्या दिवशी आयोग त्यांच्या घरी गेला. कोचावर पडल्या पडल्या त्यांनी साक्ष दिली. निकाल त्यांच्या बाजूने लागला. कंपनी अपिलामागून अपील करत गेली. २७ जुलै १९३८ रोजी कॅथरीन वारल्या. शेवटी ऑक्टोबर १९३९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे ऐकायला नकार दिला आणि निकाल कायम झाला. तोवर कंपनी राज्यातून निघून गेली होती. वसूल करायला उरले होते आयोगाकडे अनामत ठेवलेले दहा हजार डॉलर.

या दोन प्रकरणांतून तीन गोष्टी समोर येतात. आजार उशिरा येतो, मुदत लवकर संपते. पुरावा कामगाराच्या अंगात असतो, पण त्याचा कागद मालकाच्या कपाटात असतो. आणि निकाल लागेपर्यंत मालक जागेवर राहीलच, याची खात्री नसते.

आपला कायदा काय म्हणतो?

भारतात कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. तो काळ मुंबईच्या गिरण्यांचा, आणि केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे नामनियुक्त प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी यांनी कामगारांचे प्रश्न लावून धरण्याचा. निलंगा तेव्हा निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होते, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा इथे लागू नव्हता. पण इथून मुंबईला गेलेल्या माणसाला तो तिथे लागू होता.

या कायद्यात एक चांगली गोष्ट पहिल्यापासून होती. अपघातासोबत काही आजारांनाही त्याने इजा मानले. त्यासाठी शेवटी एक यादी जोडली, तिसरी अनुसूची. सुरुवातीला तीत अँथ्रॅक्स, शिसे आणि फॉस्फरस यांच्यापासून होणारे आजार होते. १९३४ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने व्यावसायिक आजारांचा ४२ क्रमांकाचा करार केला. त्यात रेडियम, इतर किरणोत्सारी पदार्थ आणि एक्स-रे यांमुळे होणारे आजार आले. भारताने तो १९६४ मध्ये मान्य केला. आपल्या तिसऱ्या अनुसूचीच्या ‘ब’ भागात किरणोत्सारामुळे होणारे आजार आज नोंदलेले आहेत.

म्हणजे हक्क कागदावर आहे. अडचण आहे त्याच्या अटींत. ‘ब’ भागातल्या आजारासाठी कामगाराने त्या एकाच मालकाकडे किमान सहा महिने सलग काम केलेले असले पाहिजे. तशाच कामावर दुसऱ्या मालकाकडे घालवलेले दिवस त्यात धरले जात नाहीत. दावा साधारण दोन वर्षांच्या आत करायचा. काम सुटल्यावर लक्षणे दिसली तर? ती काम सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत दिसली, तर लक्षणे लक्षात आल्याच्या दिवसापासून मुदत मोजली जाते. त्यानंतर आजार दिसला, तर तो त्या कामामुळेच झाला हे कामगाराने सिद्ध करायचे, आणि उशीर माफ करायचा की नाही हे आयुक्तांनी ठरवायचे.

आता वैद्यकशास्त्राचा हिशोब पाहू. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांचा अनेक दशके अभ्यास झाला आहे. किरणोत्सारानंतर रक्ताचा कर्करोग दोन वर्षांनंतर दिसू लागतो. फुप्फुस, स्तन, जठर अशा अवयवांचे कर्करोग बहुधा दहा वर्षांनंतर, कधी तीस-चाळीस वर्षांनीही येतात. म्हणजे कायद्याची सोपी वाट जिथे बंद होते, तिथून आजाराची वाट सुरू होते.

एक उदाहरण कल्पून पाहा. निलंगा तालुक्यातला बावीस वर्षांचा मुलगा मुकादमामार्फत किरणोत्सारी जागेच्या दुरुस्तीच्या कामावर जातो. चार महिने काम, मग घरी. पुढच्या साली दुसऱ्या ठेकेदाराकडे तीन महिने. मग तो गावी येऊन वेल्डिंगचे दुकान टाकतो. चाळिशीत रक्ताचा कर्करोग निघतो. काम मिळून सात महिने झाले, पण कायद्याच्या मोजणीत चार आणि तीन वेगवेगळे. काम सोडून अठरा वर्षे उलटली. मुकादम कुठे आहे माहीत नाही, हजेरीपटावर नाव कसे लिहिले होते तेही माहीत नाही. शिवाय कर्करोगाच्या गाठीवर ‘मी किरणोत्साराने झालो’ असा शिक्का नसतो. तंबाखू खातोस का, हा पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाणार.

२००९ साली संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. ‘कामगार’ऐवजी ‘कर्मचारी’ शब्द आला, भरपाईच्या किमान रकमा वाढल्या. मुदत तशीच राहिली. त्याच संसदेने २०१० मध्ये अणु-अपघाताच्या दायित्वाचा कायदा केला, तेव्हा शारीरिक इजेच्या दाव्यासाठी वीस वर्षांची मुदत दिली. किरणोत्साराचा आजार उशिरा येतो, हे कायदे करणाऱ्यांना ठाऊक होते, हे यावरून उघड आहे. ते ज्ञान मजुराच्या कायद्यापर्यंत पोचले नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत जुना नुकसानभरपाई कायदा सामावून घेतला, तेव्हाही सहा महिन्यांची अट सोबत आली.

तारापूर, तुर्भे आणि गुप्ततेचे कलम

महाराष्ट्र या विषयात लांबून पाहणारा नाही. देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला, आजच्या पालघर जिल्ह्यात, १९६९ मध्ये सुरू झाले. त्याआधीच तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्र उभे राहिले होते. पुढे त्याला होमी भाभांचे नाव मिळाले.

अणुभट्टी ठरावीक काळाने बंद करून तिची दुरुस्ती आणि इंधनबदल करावा लागतो. तेव्हा कायम कामगारांशिवाय जादा माणसे लागतात, आणि ती बहुधा ठेकेदारामार्फत येतात. जास्त किरणोत्साराच्या जागी एका माणसाला थोडाच वेळ थांबू देतात. त्याचा डोस मर्यादेजवळ आला की त्याला काढून दुसरा आत जातो. एका माणसाची मर्यादा ओलांडू नये म्हणून काम अनेकांत वाटले जाते. नियम म्हणून हे ठीक आहे. पण यात डोस अनेक शरीरांत विखुरला जातो आणि त्यातली बरीच शरीरे काही महिन्यांत आपापल्या गावी परत जातात. तारापूरच्या किरणोत्साराबद्दल प्रफुल्ल बिडवई यांच्यासारख्या पत्रकारांनी १९७० च्या दशकातच लिहायला सुरुवात केली होती.

कामगाराच्या छातीवर एक बिल्ला असतो, त्याला टीएलडी म्हणतात. त्याच्या आतल्या चकत्या किरणोत्सार साठवून ठेवतात. ठरावीक दिवसांनी त्या प्रयोगशाळेत तापवून डोस मोजतात. भारतात कामगारासाठी पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. मर्यादेच्या आत राहिलो म्हणजे धोका शून्य, असा याचा अर्थ नाही. धोका स्वीकारण्याजोगा कमी, एवढाच अर्थ आहे. म्हणून दाव्यात सर्वांत मोलाचा कागद म्हणजे ही डोसची नोंद.

पण या क्षेत्रात कागदाभोवती गुप्ततेची भिंत राहिली. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. ए. गोपालकृष्णन त्याचे अध्यक्ष असताना, १९९५ मध्ये, मंडळाने अणुकेंद्रांतल्या सुरक्षेच्या सुमारे १३० त्रुटींचा अहवाल तयार केला. तो जाहीर करावा म्हणून पीयूसीएल आणि मुंबई सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. अणुऊर्जा कायदा १९६२ मधल्या कलम १८ नुसार सरकारला अशी माहिती रोखता येत होती. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. ६ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ते कलम वैध ठरवले. देशाच्या सुरक्षेसाठी काही माहिती गुप्त ठेवावी लागते, हे कोणी नाकारत नाही. पण कारखाना किती सुरक्षित आहे हेच बाहेर येत नसेल, तर आत काम केलेला मजूर आपला दावा कशावर उभा करणार?

शेजारच्या कर्नाटकात कारवारजवळ कैगा केंद्र आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या कामगारांच्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले. पन्नासहून जास्त कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेले. हे लक्षात कसे आले? लघवीच्या नियमित तपासणीत. तपासणी होत होती म्हणून घटना उघड झाली आणि प्रत्येकाच्या नावावर नोंद राहिली. नोंद असणे आणि नसणे यात किती फरक पडतो, ते इथे दिसते.

भंगारातला कोबाल्ट

काही कामगारांच्या छातीवर बिल्लाच नसतो. मराठवाड्यात गावोगावी भंगाराचा धंदा चालतो आणि त्यात मुस्लिम समाजातली बरीच कुटुंबे आहेत. हातगाडीवर लोखंड-पत्रा गोळा करणारा, गोदामात तो फोडणारा, ट्रकने जालना किंवा हैदराबादकडे पाठवणारा, अशी ही साखळी असते. त्यांच्यासाठी दिल्लीच्या मायापुरीची घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात संशोधनासाठी आणलेले एक जुने गॅमा यंत्र होते. १९८५ नंतर ते वापराविना पडून होते. २०१० च्या सुरुवातीला त्याचा लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोचले. तिथे कामगारांनी ते फोडले. आत कोबाल्ट-६० च्या कांड्या होत्या. कातडी काळी पडणे, उलट्या, केस गळणे अशी लक्षणे घेऊन माणसे दवाखान्यात गेली, तेव्हा एप्रिलमध्ये हा प्रकार उजेडात आला. एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर काही जण गंभीर आजारी पडले. दुकान चालवणाराही त्यात भाजला.

इथे नुकसानभरपाईचा कायदा विचित्र जागी अडतो. मायापुरीसारखी तत्काळ इजा अपघात म्हणून दाव्यात बसू शकते. पण कायद्याच्या नजरेत मालक कोण, तर भंगाराचा दुकानदार, जो स्वतःच जखमी. ज्याने धोकादायक वस्तू न तपासता विकली, तो या कायद्याच्या कक्षेबाहेर. त्याच्याविरुद्ध वेगळे कोर्ट, वेगळा खर्च. हातावर पोट असलेल्याने ते कसे करायचे?

इतरांनी काय केले?

हे कोडे सुटणारे नाही, असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये सेलाफिल्ड अणुकेंद्राच्या मृत कामगारांच्या विधवांनी कामगार संघटनांच्या मदतीने दावे लावले. त्यातून १९८२ मध्ये कंपनी आणि संघटना यांनी मिळून भरपाईची योजना आखली. कर्करोग कामामुळे झाल्याची शक्यता किती टक्के, ते डोसच्या नोंदीवरून काढतात. ती वीस टक्के असली तरी काही भरपाई मिळते, पन्नासच्या वर गेली तर पूर्ण. कामगाराला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

अमेरिकेने २००० साली अण्वस्त्र कारखान्यांच्या कामगारांसाठी कायदा केला. ज्या ठिकाणच्या नोंदी अपुऱ्या आहेत, तिथल्या कामगारांना ठरावीक २२ कर्करोगांपैकी एखादा झाला, तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरतात. नोंद ठेवली नाही याची शिक्षा कामगाराला नाही. जपानमध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी १९७६ पासून एक सोपा निकष आहे. वर्षाला सरासरी ५ मिलिसिव्हर्ट डोस आणि कामाला लागल्यानंतर वर्षभराने आलेला आजार. त्यानुसार ऑक्टोबर २०१५ मध्ये फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर तिथे राबलेल्या एका कामगाराचा दावा मान्य झाला. यातून आजाराचे कारण शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले असे नाही, हेही तिथल्या सरकारने सांगितले. म्हणजे शंका शिल्लक असताना तिचा फायदा कामगाराला द्यायचा, असे तिथे ठरले आहे.

आपल्याकडेही वाट दाखवणारा एक निकाल आहे. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कामगारांबाबत निर्णय दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क आहे, असे त्यात म्हटले. प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सोडल्यावर १५ वर्षे, यातले जे उशिराचे असेल तोवर ठेवावी, असा आदेश दिला. ॲस्बेस्टॉसही किरणोत्सारासारखेच शरीरात दबा धरून बसते. किरणोत्साराच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे मानक आणखी पुढचे आहे. कामगार ७५ वर्षांचा होईपर्यंत आणि काम सोडल्यावर किमान ३० वर्षे नोंद जपायची. नोंद तीस वर्षे जपायची आणि दाव्याची सोपी वाट दोन वर्षांत बंद करायची, या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही.

गावाकडच्या माणसाने काय करावे?

किरणोत्साराचे काम फक्त अणुकेंद्रात असते, असे नाही. तालुक्याच्या दवाखान्यातली एक्स-रेची खोली, लातूर-नांदेडचे सीटी स्कॅन सेंटर, कर्करोगाचे रुग्णालय, पाइपलाइनच्या वेल्डिंगचे सांधे तपासणारी रेडिओग्राफी या सगळ्या ठिकाणी आपली मुले कामाला आहेत. त्यांनी काही गोष्टी आजच कराव्यात.

बिल्ला मिळाला नसेल तर लेखी मागावा, आणि मिळाला असेल तर खुंटीला न टांगता अंगावर लावावा. खुंटीवरचा बिल्ला पुढे शून्य डोसचा पुरावा ठरतो. डोसच्या अहवालाची प्रत दरवेळी मागून घ्यावी. काम सोडताना किती दिवस, कोणत्या जागी, कोणत्या ठेकेदाराकडे काम केले याचा कागद घ्यावा. गेटपास, पगाराची चिठ्ठी, पीएफचा नंबर हे सगळे रेशन कार्डासोबत ठेवावे. ठेकेदार पळाला तरी हक्क संपत नाही. १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये मूळ मालकावरही भरपाईची जबाबदारी टाकली होती. आजारी पडल्यावर डॉक्टरांना आपले जुने काम सांगावे आणि ते केसपेपरवर लिहून घ्यावे. भंगारवाल्यांनी दवाखाना, कॉलेज किंवा कारखान्यातून आलेली शिशाची जड पेटी आणि तीन पाकळ्यांची खूण असलेली वस्तू फोडू नये. ती तशीच ठेवून लांब व्हावे आणि पोलिसांना कळवावे.

कागद जपणे हा मात्र अर्धाच उपाय आहे. उरलेला अर्धा कायदे करणाऱ्यांच्या हातात आहे. सहा महिने सलग कामाची अट ठेकेदारी मजुराला बाहेर ठेवते. वेगवेगळ्या मालकांकडचे दिवस एकत्र मोजले पाहिजेत. मुदत आजाराचे कारण कळल्यापासून सुरू झाली पाहिजे. नोंद हरवली तर तिचा तोटा ती ठेवण्याची जबाबदारी असलेल्याला झाला पाहिजे. ग्रेस फ्रायरच्या वकिलाने १९२७ मध्ये कोर्टापुढे ठेवलेली मागणी याहून फार वेगळी नव्हती. आपले आमदार-खासदार मजुरांच्या मेळाव्यात येतात, कल्याणाच्या योजना सांगतात, पेट्या वाटतात. पुढच्या वेळी त्यांना या दोन वर्षांच्या मुदतीबद्दल विचारायला हवे.